‘लोकांना हेच आवडतं’ : टीआरपी नेमका काय मोजतो?

गच्चीवरचा_अँटेना (धागाकर्ता)

बातम्यांच्या वाहिनीवर नटाच्या लग्नाला अडीच तास आणि गारपिटीत झोपलेल्या द्राक्षबागांना चाळीस सेकंद मिळाले की खाली दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. "मीडिया विकला गेलाय" ही पहिली. "लोकांना हेच आवडतं, टीआरपी बघा" ही दुसरी. पहिलीवर इथे रग्गड धागे निघालेत. दुसरीला कुणी हात लावत नाही, कारण तिच्यात आकडा आहे. आकडा समोर आला की आपण एक तर गप्प बसतो, नाही तर आकडाच खोटा म्हणून मोकळे होतो. मला दोन्ही पटत नाही. आकडा बऱ्यापैकी खरा असतो. फक्त तो "काय आवडलं?" या प्रश्नाचं उत्तर नसतो.

आधी पाया. टीव्ही कोण किती पाहतं याचं मोजमाप बार्क ही संस्था करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्थांनी मिळून ती २०१० मध्ये काढली आणि तिचे आकडे २०१५ पासून यायला लागले. त्याआधी हे काम टॅम नावाची संस्था करत असे. टीव्हीवर काय लागलंय ते नोंदवणारं मीटर बार्क निवडक घरांत बसवते. सुरुवात अशा २२ हजार घरांपासून झाली, २०२० पर्यंत ती ४४ हजार झाली आणि आता ५५ हजारांच्या वर आहेत. देशात टीव्ही असलेली घरं बार्कच्याच २०२० च्या अंदाजानुसार २१ कोटी. म्हणजे मीटरचं एक घर साधारण ३,८०० घरांच्या वतीने बोलतं. ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामकाने, एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की २०२० अखेर ६० हजार आणि २०२२ अखेर एक लाख घरं करा. २०२२ उलटून गेलं, लाख काही झाली नाहीत.

मोजणीचा आठवडा शनिवारी सुरू होतो, शुक्रवारी संपतो, आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी हातात पडतात. मालिकावाल्यांचा निकालाचा दिवस गुरुवार तो यामुळे.

ज्यांना या कामातलं बारकाईने ठाऊक आहे त्यांनी भर घालावी. "आमच्या लहानपणी सह्याद्रीवर काय सुंदर कार्यक्रम असायचे" हे कृपया दुसऱ्या धाग्यावर.

आकडेमोड

चांगला धागा. सूत्र मांडून टाकतो, मग पुढची चर्चा सोपी जाईल.

बोलताना आपण सरसकट टीआरपी म्हणतो. अहवालात मुख्य आकडा असतो सरासरी मिनिट प्रेक्षकांचा, म्हणजे कार्यक्रम चालू असताना दर मिनिटाला सरासरी किती हजार माणसं समोर होती. त्याला त्या बाजारातल्या एकूण टीव्हीवाल्या लोकसंख्येने भागून टक्का काढला की टीव्हीआर, बोलीभाषेतला टीआरपी. मराठी वाहिन्यांसाठी बाजार धरतात तो महाराष्ट्र-गोवा, वय दोन वर्षांपासून पुढे. हो, दोन वर्षांचं पोरही मोजलं जातं.

दहा माणसांचं गाव धरा आणि अर्ध्या तासाची मालिका. चौघांनी पूर्ण ३० मिनिटं पाहिली, दोघांनी १५, एकाने ६, तिघांनी लावलीच नाही. मिनिटांची बेरीज १२० + ३० + ६ = १५६. जास्तीत जास्त शक्य मिनिटं १० × ३० = ३००. रेटिंग ५२. पोहोच हा वेगळा आकडा असतो, त्यात किमान एक मिनिट थांबलेला प्रत्येक जण धरतात. ती इथे सात जण, म्हणजे ७० टक्के.

आता खरी गंमत. कार्यक्रम ‘अ’ दोघंच पाहतात, पण तीसच्या तीस मिनिटं. बेरीज ६०, रेटिंग २०. कार्यक्रम ‘ब’ आठ जण लावतात आणि सहा-सहा मिनिटांनी उठून जातात. बेरीज ४८, रेटिंग १६. गावातल्या आठ जणांनी ब लावला, दोघांनी अ. गुरुवारी पेढे अ वाटणार.

यात लबाडी नाही. जाहिरातदार दहा सेकंदांच्या दराने पैसे मोजतो, त्याला त्या क्षणाला समोर किती जण बसले होते एवढंच हवं असतं. मोजमाप त्याच्यासाठी आहे, त्याच्या कामाला ते चोख आहे. "लोकांना हेच आवडतं" असं म्हणताना मात्र आपण त्या दोघांना "लोक" म्हणत असतो.

अजून एक घोळ नेहमी होतो. "नंबर एक वाहिनी" ठरते ती जीआरपीवर, आणि जीआरपी म्हणजे आठवडाभरातल्या सगळ्या प्रसारणांच्या रेटिंगची बेरीज. त्यात दुपारचं पुनःप्रसारण, रात्री उशिराचं पुनःप्रसारण, रविवारचा सिनेमा, सगळं आलं. मालिकेच्या यादीत फक्त मूळ प्रसारणाचं रेटिंग येतं. त्यामुळे एखाद्या वाहिनीची पहिल्या पाचात एकही मालिका नसताना ती दोन नंबरवर असू शकते.

डबा_नं_३

मीटरबद्दल थोडं.

मीटर चित्र बघत नाही. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात प्रक्षेपण होतानाच एक खूण मिसळलेली असते, माणसाच्या कानाला ती कळत नाही. त्या खुणेत वाहिनीची ओळख आणि वेळ असते. घरातलं मीटर ती पकडून नोंदवतं. डीटीएच असो वा केबल, खूण आवाजासोबतच येते, त्यामुळे सेट टॉप बॉक्स कुठल्या कंपनीचा याने फरक पडत नाही.

टीव्हीवर काय लागलंय हे अशा रीतीने पक्कं कळतं. समोर कोण बसलंय हे मीटरला आपोआप कळत नाही. घरातल्या प्रत्येक माणसाला रिमोटवर एक बटण नेमून दिलेलं असतं. बसताना दाबायचं, उठताना परत दाबायचं. सगळी गोची त्या उठताना दाबण्यात आहे. कुकरची शिट्टी झाली, माणूस उठला, बटण तसंच. किंवा माणूस सोफ्यावरच आहे, बटण चालू आहे, डोळे मात्र मोबाइलमध्ये. नोंद "पाहत होता" अशीच होणार.

घरं निवडताना शहर-गाव आणि भाषा याबरोबर घराचा आर्थिक स्तरही बघतात. तो कमाई विचारून ठरवत नाहीत, कमाई कुणी खरी सांगत नाही. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि ११ गोष्टींपैकी किती घरात आहेत, यावर ठरवतात: वीजजोडणी, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. पंख्याच्या आणि फ्रिजच्या रांगेत शेतजमीन बसवलेली बघून मला दर वेळी हसू येतं, पण वर्गवारी म्हणून ती वाईट नाही. बिनपगारी पण खाऊनपिऊन सुखी घर एरवी तळाला गेलं असतं.

यात बिघाड कसा घडवता येतो तेही लिहून ठेवतो. ३,८०० घरांच्या वतीने एक घर बोलत असेल तर तेवढं एक घर फोडलं की काम झालं. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी नेमका हाच आरोप केला होता, की मीटरच्या काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितलं. त्यानंतर बार्कने बातम्यांच्या वाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले. बारा आठवडे म्हणता म्हणता ते थेट मार्च २०२२ मध्ये सुरू झाले. पुढे सरकारने तो खटला मागे घेतला.

दुसरी वाट अशी की कुठल्याही घरात शिरावं लागत नाही. सेट टॉप बॉक्स चालू केला की जी वाहिनी आपोआप समोर येते ती जागा विकत घ्यायची. त्याला लँडिंग पेज म्हणतात. माणूस रिमोट शोधेपर्यंत मिनिटभर जातं, पोहोच फुगते. ट्रायने डिसेंबर २०१८ मध्ये यावर बंदीचा आदेश काढला, दूरसंचार लवादाने तो २०१९ मध्ये रद्द केला.

लोणच्याची_फोड

म्हणजे मीटरच्या घरात सगळे डुलक्या काढतायत आणि आमची चांगली मालिका त्यांच्यामुळे शंभर भागांत गुंडाळली जाते. छान.

तिसरी_घंटा

लोणच्याची_फोड, तितकं सरळ नाही. शंभर भागांत गुंडाळण्यामागे रेटिंग असतंच, पण त्या वेळेला आधी चालणाऱ्या मालिकेने काय आणून ठेवलं होतं त्याच्याशी तुलना होते. साडेआठच्या मालिकेचं रेटिंग तीन होतं, नवी दीडवर आली, तर दीड हा आकडा स्वतंत्रपणे बरा असूनही ती साडेदहाला किंवा संध्याकाळी साडेसहाला सरकवली जाते. तिथे आणखी पडते. मग निरोप.

मालिका अशी का दिसते याचं उत्तर मला निम्मं रेटिंगमध्ये आणि निम्मं शूटिंगच्या हिशोबात सापडतं.

नियमानुसार तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते: दहा व्यावसायिक आणि दोन वाहिनीची स्वतःची. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत हे लिहिलेलं आहे. ट्रायने २०१३ मध्ये ते कडक पाळायला सांगितलं तेव्हा वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. नियमाने अर्ध्या तासाच्या जागेत मालिकेला २४ मिनिटं उरायला हवीत, प्रत्यक्षात ती २०-२२ मिनिटांची असते. त्यातून कालच्या भागाची उजळणी आणि उद्याची झलक काढा, ताजा माल १९-२० मिनिटं.

आठवड्याला सहा भाग म्हणजे दोन तासांचा ताजा माल. दर आठवड्याला एक सिनेमाच म्हणा ना. बारा तासांची शिफ्ट, त्यात मेकअप, जेवण आणि प्रकाशयोजना बदलायचा वेळ वजा केला की कॅमेरा फिरायला सात-आठ तास उरतात. त्यात भागभर माल निघाला पाहिजे. म्हणून दिवाणखाना. एकदा दिवे लावले की एकाच जागी लागोपाठ पाच प्रसंग घेता येतात, ते पाच वेगळ्या भागांतले असले तरी. बाहेर रस्त्यावर गेलं की दिवसाला दोन प्रसंग झाले तरी नशीब. ‘घराबाहेर कुणी जातच नाही’ अशी जी चेष्टा होते तिचं कारण एवढंच.

शूट होऊन तयार असलेल्या भागांना ‘बँक’ म्हणतात. बँक दहा-बारा भागांची असेल तर लेखक-दिग्दर्शक माणसात असतात. ती दोन-तीनवर आली की पडद्यावर लगेच कळतं, आणि हे ओळखायला कुणाचीही ओळख लागत नाही. जुन्या प्रसंगांची उजळणी लांबते. एका वाक्यावर सात चेहरे दिसतात, प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा दोनदा झेपावतो. हळदीकुंकू किंवा मंगळागौर निघते, म्हणजे सगळी पात्रं एका चौकात आणि संवादाऐवजी गाणं. प्रमुख नटी ‘माहेरी’ गेलेली असते. तसंच कधी सकाळी शूट झालेला प्रसंग त्याच रात्री दाखवायची वेळ येते. संवाद सेटवर येतात, नट कॅमेऱ्यामागे धरलेल्या कागदाकडे बघून बोलतात. नजर समोरच्या पात्राच्या किंचित बाजूला लागलेली दिसली की समजायचं.

आता रेटिंगचा भाग. गुरुवारी नुसता एक आकडा येत नाही, मिनिटागणिक आलेख येतो. कुठल्या प्रसंगाला रेष चढली, कुठे पडली. सूनबाई ऑफिसात गेली की रेष पडली, सासू स्वयंपाकघरात आली की चढली, असं तीन आठवडे दिसलं तर ऑफिसचा सेट मोडला जातो. यात कुणाचा पुराणमतवाद नसतो. पण बघा, ऑफिसचा प्रसंग मुळातच कमी वेळात, कमी तयारीने लिहिलेला असतो, त्यामुळे कंटाळवाणा होतो, म्हणून रेष पडते, म्हणून ऑफिस बंद. निष्कर्ष काय निघतो? "बायकांना नोकरी करणारी नायिका आवडत नाही." चाचणी वाईट प्रसंगाची झाली, नापास झाली नायिका.

दुपारचा_चहा

तिसरी_घंटा, माहिती उत्तम. पण इथे सगळ्यांचा एक सूर लागलाय की रेटिंग म्हणजे फसवणूक आणि बघणारे बिचारे. तो मला मान्य नाही.

रात्री साडेसात ते नऊ ही वेळ बहुतेक घरांत पोळ्यांची असते. त्या वेळी जी बाई मालिका ‘बघते’ ती निम्मी ऐकते. तिचं पाहणं तसंच असतं आणि त्यात कमीपणा काहीच नाही. आता याच मालिका कानाने तपासा. पात्र आत येतं तेव्हा समोरचा त्याचं नाव घेतो, "अहो भाऊजी, तुम्ही इतक्या उशिरा?" यात कोण आलं, नातं काय, वेळ काय, तिन्ही कळलं. प्रत्येक पात्राला ठरलेली धून आहे. महत्त्वाचं वाक्य दोनदा बोललं जातं. घाव बसला की ढोल वाजतो, म्हणजे आता मान वर करून बघा. नभोनाट्याचं तंत्र आहे हे सगळं. चष्मा लावून समोर बसलेल्या समीक्षकाला ते बाळबोध वाटतं, कारण ते त्याच्यासाठी बनवलेलंच नाही.

आणि निवड होतेच. त्याच वेळेला, त्याच खर्चात, तेच दिवाणखाने घेऊन समोरासमोर दोन मालिका उभ्या असतात आणि एक तीनशे भाग चालते, दुसरी आपटते. हा फरक मीटरने केलेला नसतो. बहुतेक वेळा ज्या मालिकेत घरातल्या पैशाचा हिशोब, जागेची वाटणी, आजारपणात कुणी काय केलं हे खरं वाटतं ती टिकते. खलनायिकेच्या टिकल्या मोजणाऱ्यांना ते दिसत नाही.

गच्चीवरचा_अँटेना

दुपारचा_चहा, नभोनाट्याचा मुद्दा बिनतोड. कानाने तपासायचं हे मी लक्षात ठेवीन. पण मग तुम्हीच सांगा, "बघणारे" म्हणून जो आकडा मिरवतात तो "ऐकणारे" असा नको का?

दुपारचा_चहा

मिरवू देत. पोळ्या करपत नाहीत तोवर माझी हरकत नाही.

रनडाउन

मालिकांवर पुष्कळ झालं, मूळ धागा बातम्यांवरून निघाला होता. तिथे ‘लोकांना हेच आवडतं’ हे कारण मला सगळ्यांत लंगडं वाटतं, कारण बातम्यांमध्ये आवडीपेक्षा खर्च बोलतो.

गारपिटीची बातमी नीट करायची तर वार्ताहर, कॅमेरामन, गाडी, एक मुक्काम. बागायतदाराशी बोलायचं, तलाठी पंचनाम्याला कधी आला ते विचारायचं, पीकविम्याची स्थिती तालुक्यातून काढायची. मग लिहिणं, आवाज देणं, संकलन. दीड-दोन दिवसांच्या खटाटोपातून निघते दोन मिनिटांची बातमी. उलट संध्याकाळची चर्चा: चार पाहुणे, चौघे आपापल्या घरून मोबाइलवर, एक निवेदक, चार खिडक्या, वर लाल पट्टी. जाहिराती धरून तासभर भरला. नटाच्या लग्नाचं तर त्याहून स्वस्त, चित्रं समाजमाध्यमांवरून येतात आणि तीच बारा चित्रं अडीच तास फिरतात. चोवीस तास भरायचे असतील आणि माणसं मोजकी असतील तर संपादक कितीही सज्जन असो, हिशोब त्याला चर्चेकडेच ढकलतो.

पडद्यावर हे ओळखायच्या खुणा आहेत. एकच दृश्य किती सेकंदांनी पुन्हा येतं ते मोजा. वीस सेकंदांच्या आत परत आलं तर वाहिनीकडे त्या घटनेचं तेवढंच चित्रण आहे आणि बाकी सगळं बोलणं भरताड आहे. कोपऱ्यात ‘संग्रहित’ लिहिलंय का बघा, पुराच्या बातमीत हमखास मागच्या पुराची बोट असते. निवेदक "आपल्याला मिळालेल्या माहितीनुसार" म्हणाला आणि कुणाकडून मिळाली ते दोन वाक्यांत आलं नाही तर ती फोनवरची एका ओळीची खबर आहे. प्रतिनिधी घटनास्थळी उभा आहे की कार्यालयाच्या गच्चीवर, हे मागच्या आवाजावरून कळतं. घटनास्थळ गप्प नसतं.

आकडेमोड

रनडाउन यांच्या मुद्द्याला आकड्याची जोड. मराठी बातम्यांचं रेटिंग मुळात लहान असतं, आणि लहान आकड्याची चूक मोठी असते. समजा नमुन्यात ४,००० माणसं आहेत आणि एका वाहिनीचं रेटिंग ०.५ टक्के आलं. साध्या सूत्राने, म्हणजे ०.००५ गुणिले ०.९९५ भागिले ४,००० चं वर्गमूळ, प्रमाण त्रुटी येते ०.११ टक्के. दुपटीने दोन्हीकडे धरली तर खरं रेटिंग ०.२८ ते ०.७२ यात कुठेही असू शकतं. एका घरातली माणसं एकत्रच टीव्ही बघतात हे धरलं तर पट्टा आणखी रुंद होतो. असं असताना ०.५२ वाली वाहिनी ०.४८ वालीला "आम्हीच नंबर एक" म्हणून फलक लावून खिजवते.

२०२२ पासून बातम्यांसाठी चार आठवड्यांची फिरती सरासरी देतात ती याच कारणाने. प्रत्येक आठवड्याला सर्वांत जुना आठवडा गळतो, नवा जोडला जातो. उड्या कमी होतात हे खरं. घरं बहुतांशी तीच असल्यामुळे त्रुटी निम्मी होते असं मात्र समजू नका. शिवाय ‘एका आठवड्यात कुठल्या बातमीने भाव खाल्ला’ हे आता त्या आकड्यावरून सांगता येत नाही. तरीही लोक सांगतात.

लोणच्याची_फोड

यूट्यूबवर तर सरळ दिसतं ना? तिथे मीटर नको, बटण नको. पाच लाख व्ह्यूज म्हणजे पाच लाख लोकांना आवडलं.

आकडेमोड

व्ह्यूजची तुलना पोहोचीशी करा, तीही जपून, कारण तोच माणूस परत आला तर परत मोजला जातो. टीव्हीच्या रेटिंगला जवळचा आकडा तिथे थेट प्रक्षेपणाखाली दिसतो तो ‘आत्ता इतके जण पाहत आहेत’ हा. दर पाच मिनिटांनी तो लिहून घ्या, तासाचे बारा आकडे होतील, बेरजेला बाराने भागा. व्ह्यूज लाखांत दिसणाऱ्या वाहिनीचा हा आकडा बरेचदा काही हजारांत निघतो.

सातबारा_उतारा

मतमोजणीच्या दिवशीचं कुणीतरी लिहा. सकाळी सव्वाआठला सगळ्या वाहिन्यांवर कल सुरू, आणि आयोगाच्या संकेतस्थळावर तेव्हा शून्य.

रनडाउन

आठला टपाली मतं उघडतात, साडेआठपासून यंत्रांची मोजणी. म्हणजे सव्वाआठचा कल हा टपाली मतांचा, त्यातही पाकिटं उघडून गठ्ठे लावताना मोजणी प्रतिनिधींनी टाकलेला अंदाज. वाहिन्यांचे लोक मतमोजणी केंद्राबाहेर असतात आणि आतल्या पक्षप्रतिनिधींकडून आकडा बाहेर येतो. आयोगाचा आकडा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने फेरी मंजूर केल्यावरच चढतो, म्हणून तो मागे असतो. मागे असलेला खरा.

फेरी म्हणजे काय ते समजून घ्या, मग दिवसभर छातीत धडधड होणार नाही. एका सभागृहात साधारण १४ टेबलं, एका फेरीत १४ मतदान केंद्रांची यंत्रं. २०२४ च्या विधानसभेला राज्यात एक लाखाच्या वर केंद्रं होती आणि जागा २८८, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे. भागिले १४, पंचवीस फेऱ्या. एका फेरीत अंदाजे नऊ हजार मतं. आणि यंत्रं येतात केंद्राच्या क्रमांकाने. क्रमांक नकाशावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात. म्हणजे पहिल्या पाच फेऱ्या मतदारसंघाच्या एकाच कोपऱ्यातल्या. उमेदवार त्या कोपऱ्यातला असेल तर तो बारा हजारांनी ‘आघाडीवर’ असणारच. त्यावर "मोठा उलटफेर" अशी पट्टी फिरते आणि अकराव्या फेरीला "पुन्हा उलटफेर". उलटलं काहीच नाही, मोजणी नदीच्या पलीकडे गेली.

तपासायचं तर आघाडीला उरलेल्या फेऱ्यांनी भागा. बारा हजारांची आघाडी आणि उरल्या वीस फेऱ्या, तर विरोधकाला फेरीमागे सहाशे जास्त हवीत. नऊ हजारांत सहाशे काहीच नाहीत. तीच आघाडी आणि उरल्या तीन फेऱ्या, तर फेरीमागे चार हजार. मग गुलाल आणायला हरकत नाही. शेवटी प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या पडताळतात, २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून. त्यामुळे संध्याकाळी ‘निकाल रखडला’ असं ओरडतात तेव्हा बहुधा तेच चाललेलं असतं.

सातबारा_उतारा

नदीच्या पलीकडे! हे आवडलं. आभार.

डबा_नं_३

बातमीत उघड चूक किंवा विखार असेल तर करायचं काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी राहून जातो. टीव्ही फोडणे सोडून दुसरे उपाय आहेत.

केबल टीव्हीच्या नियमांत जून २०२१ मध्ये तीन पायऱ्या घातल्या. पहिली तक्रार थेट वाहिनीकडे, तिच्या तक्रार अधिकाऱ्याला. चोवीस तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय दिला पाहिजे. नाही दिला किंवा पटला नाही, तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे, म्हणजे वाहिन्यांनीच मिळून काढलेल्या संस्थेकडे, अपील, तिला ६० दिवसांची मुदत. त्यानंतर केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा. बातम्यांच्या वाहिन्यांसाठी एनबीडीएसए ही अशी जुनी स्वनियमन संस्था आहे. तिच्या नियमांत पहिली तक्रार प्रसारणापासून सात दिवसांत वाहिनीकडे गेली पाहिजे. सगळ्या वाहिन्या तिच्या सदस्य नाहीत, आधी वाहिनीच्या संकेतस्थळावर तळाला बघून घ्या.

तक्रारी फेटाळल्या जातात त्या बहुतेक एकाच कारणाने: मजकूर मोघम. "तुमची वाहिनी समाजात द्वेष पसरवते" याचं कुणी काहीच करू शकत नाही. वाहिनी, तारीख, कार्यक्रमाचं नाव, घड्याळाची वेळ किती ते किती, निवेदकाचं किंवा पट्टीवरचं वाक्य अवतरणात जसंच्या तसं, त्यात चूक काय आणि खरं काय याचा एक पुरावा, आणि तुम्हाला काय हवंय: खुलासा, दिलगिरी की यूट्यूबवरून तो भाग काढणे. एका तक्रारीत एकच प्रसारण. दहा कार्यक्रमांची मोट बांधली की उत्तरही मोघम येतं. वाहिनीला चित्रण ९० दिवस जपून ठेवावं लागतं, तरी पडद्याचा फोटो घड्याळासकट काढून ठेवा. पट्टीवरचे शब्द यूट्यूबवरच्या भागात कधीकधी नसतात.

दंडाने कुणी कापत नाही, त्याची कमाल मर्यादा वर्षानुवर्षं एक लाख रुपये होती आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती तोकडी असल्याचं बोलून दाखवलं. पण त्याच वेळेला, त्याच वाहिनीवर दिलगिरी दाखवायला लागणं त्यांना झोंबतं.

तिसरी_घंटा

मालिकांसाठी वेगळी संस्था आहे, बीसीसीसी. तिथे "कथानक रटाळ आहे" ही तक्रार चालत नाही, आधीच सांगून ठेवते.

लोणच्याची_फोड

अरेरे. बरं, मंगळवारी रात्री नऊच्या चर्चेत पट्टीवर गावाचं नाव चुकीचं टाकून भलत्याच गावाला आरोपी केलं होतं. सात दिवस म्हणजे नेमके कधीपर्यंत?

डबा_नं_३

सोमवारी पाठवून मोकळे व्हा. प्रसारणाचा दिवस धरायचा की सोडायचा या वादात मंगळवार घालवू नका. ईमेलच्या विषयात तारीख, वेळ आणि कार्यक्रमाचं नाव टाका. आणि पट्टी ‘नऊच्या चर्चेत’ होती असं लिहू नका, नऊ वाजून किती मिनिटांनी होती ते लिहा.